मधलं पान

वादी कबीरच्या गल्लीत सकाळी सातलाच
पत्र्याची शेड तापलेली.
शाहदाद माझ्या गाडीच्या पोटाखाली,
बाहेर फक्त त्याच्या चपला
आणि मधूनमधून, "सिस्टर, दस नंबर."
दहाचा पाना मी देते. बाराचाही ओळखते आता.

स्टेशन वॅगन. छोटीच.
चॉकलेटी होती, छतावरून उन्हाने चहा झाली.
एका डच मास्तरणीकडून घेतली तेव्हा
पाठचा लांबोळका भाग बघून हे म्हणाले,
"तिघांना एवढी कशाला? मयत न्यायची आहे का?"
हे स्वतः चालवत नाहीत.
मी चौथ्या खेपेला पास झाले,
ड्रमांमधून रिव्हर्स, आणि चढावर थांबून
मागे न घसरता पुन्हा निघणं.

त्या लांबोळक्यात काय काय निजून गेलं:
थंकम्माचं शिलाई मशीन,
खऱ्यांच्या मोडलेल्या संसाराचे सात खोके,
निजव्याचं खजुराचं रोप (बाल्कनीत जगलं नाही),
तापाने फणफणलेली शलाका, पाय दुमडून, आडवी.
आणि विमानतळ. कितीदा विमानतळ.
नोकरी गेलेल्यांच्या बॅगा मी उचलून बघत नाही,
सगळ्यांच्या सारख्याच, तीस किलो.

डिकीचं दार आता आपणहून वर राहत नाही.
नवे दांडे बावीस रियाल.
मी धुणं वाळत घालायच्या काठीचा तुकडा कापला,
तोच टेकू, सहा वर्षं.
ह्यांच्या डोक्यात दोनदा पडलं. माझ्या एकदाही नाही.

इथे गाडी पळून म्हातारी होत नाही,
उभी राहून होते.
खारी हवा दारांच्या कडा खाते,
बॅटरी दोन उन्हाळे, तिसरा नाही.
टायर झिजायच्या आधी चिरतो.
त्याच्या अंगावर चार आकडे असतात, आठवडा आणि साल,
ते वाचायला शाहदादने शिकवलं.
तेव्हापासून सिग्नलला
शेजारच्यांच्या जन्मतारखा वाचत बसते.

दर वर्षी मुल्किया, तपासणीची रांग.
पोरगा म्हणतो दिवे लाव, ब्रेक दाब,
मग खिडकीशी वाकून, "कम सना?"
किती वर्षं?
मी म्हणाले, तेवीस.
तो कागद बघून हसला. गाडी चौदाची होती.

सगळं वहीत आहे.
शलाका झाली तेव्हाची दुरेघी वही.
पुढून तिच्या लसी, कुठला हात सुजला,
मग उंची, मग चष्म्याचे नंबर.
वही उलटी धरून मागून गाडी:
तेल, फिल्टर, पट्टा, किलोमीटर.
मध्ये पुष्कळ कोरी पानं होती.
दोघी एकमेकींकडे चालत येतायत
हे ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी शलाका गेली, तीस किलो.
आदल्या संध्याकाळी बॅग चढवताना
डिकीच्या गंजक्या कडेने पोटरी कापली.
रात्री दहाला दवाखाना,
ही चिडलेली, मी अधिक चिडलेली,
आणि वहीत तिची शेवटची ओळ:
धनुर्वात, उजवा दंड.

शाहदाद सरपटत बाहेर आला, हात पुसत.
"आगे का बेअरिंग गया, लेफ्ट वाला."
मी मागून पानं मोजत आले, एक उलटलं
आणि समोर डोक्यावर उभी असलेली माझीच अक्षरं.
धनुर्वात.
कोरं पान उरलंच नव्हतं.

मग तिथेच, तिच्या ओळीला पायाशी पाय लावून
लिहिलं: पुढचं डावं बेअरिंग, अठरा रियाल.
शाई घामाने थोडी पसरली.
"नई वही लो, सिस्टर," शाहदाद म्हणाला.
म्हटलं, घेऊ.

डिकीखालची काठी काढली
आणि दार दोन्ही हातांनी धरून
सावकाश खाली आणलं.